पुसलेला बगळा

पूल ओलांडून ते दोघं गोदामांच्या रस्त्याला लागले, तेव्हा तीच बस त्यांना तिसऱ्यांदा भेटली. पहिल्यांदा जाताना, दुसऱ्यांदा परतताना आणि आता पुन्हा जाताना. ड्रायव्हरला एव्हाना ओळख पटली होती. त्याने हात केला. वहिनींनीही केला. भाऊजींनी केला नाही, कारण त्यांचे दोन्ही हात गुंतलेले होते.

त्यांनी जेवणाचा डबा छातीशी धरला होता. डब्यात जेवण नव्हतं. डब्यात लोकरीची कानटोपी होती, कानटोपीत लाकडी पेटी, पेटीत मखमल, मखमलीत काचेसारखी पारदर्शक डबी, आणि त्या डबीत चांदीचं एक नाणं. नाण्यावर एक बगळा पाण्यात एका पायावर उभा होता. एवढी बडदास्त त्या घरात आजवर पाहुण्याची झाली नव्हती आणि बाळंतिणीचीही नाही.

बसने का नाही जायचं, हे भाऊजींनी घरातून निघतानाच सांगून टाकलं होतं. बसमध्ये हादरे बसतात. हादऱ्याने नाणं डबीत किंचित हलतं आणि हललं की कड घासते. वहिनींचे गुडघेही घासत होते, पण ते कुणी भिंगाखाली धरणार नव्हतं. टॅक्सीचं नाव काढलं तर म्हणाले, टॅक्सीवाले खड्डा चुकवत नाहीत, शोधत जातात. तेव्हा चालणं. नाणेप्रेमी मंडळाची खोली शहराच्या दुसऱ्या टोकाला, औषधांच्या दुकानाच्या माडीवर. दीड तासाचं अंतर भाऊजींच्या त्या पाण्याने भरलेली घागर नेल्यासारख्या चालीने अडीच तासांचं झालं होतं. वहिनी सोबत होत्या, कारण भाऊजींच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन नेमके तीन आठवडे झाले होते आणि डॉक्टरांनी एकट्याला सोडू नका म्हणून बजावलं होतं. भाऊजींना काळा चष्मा लागला होता. त्या चष्म्यात ते एखाद्या निवृत्त हेरासारखे दिसत होते.

भाऊजी म्हणजे वहिनींच्या यजमानांचे धाकटे भाऊ. यजमानांना जाऊन नऊ वर्षं झाली. भाऊजी पुढच्या खोलीत होते तिथेच राहिले. एक कॉट, एक टेबल, एक मान वाकवणारा दिवा आणि एक लोखंडी कपाट. लग्न त्यांनी केलं नाही. केलं नाही म्हणजे जमलं नाही, आणि जमलं नाही म्हणजे समोर आलेल्या प्रत्येकीत त्यांना काहीतरी सापडलं. एकीच्या चालीत, एकीच्या आवाजात, एकीच्या चुलत्यात. शेवटी एका मुलीनेच त्यांना नीट न्याहाळून नकार कळवला, तेव्हा तपासणीची ही पद्धत त्यांना फार अन्यायाची वाटली आणि त्यांनी तो विषयच मिटवून टाकला.

नोकरी केली ती बेअरिंगच्या कारखान्यात, तपासणी खात्यात. एकतीस वर्षं त्यांनी पोलादी छर्रे भिंगाखाली धरले आणि चिठ्ठीवर लाल शाईचा ‘बाद’ असा शिक्का मारला. ‘पास’चा शिक्काही होता म्हणतात, पण त्याची शाई कधी संपली नाही. लोक त्यांना पाठीमागे ‘भिंग’ म्हणायचे, आणि पुढे पुढे समोरही. निरोपसमारंभाला खात्याने भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते दिवसाला चार सेकंद मागे पडतं, असं पत्र भाऊजींनी आठवड्याच्या आत खात्याला पाठवलं. शिक्का मात्र परत केला नाही.

नाण्यांचा नाद तरुणपणापासूनचा, पण साधी नाणी नव्हेत. साध्या नाण्याला ते ‘हिंडफिरं’ म्हणत. बाजारात गेलं, कुणाच्या घामट मुठीत बसलं, भाजीवालीच्या कनवटीला लागलं, की झालं, त्याचं शील गेलं. त्यांना हवी प्रूफ नाणी. प्रूफ म्हणजे काय हे वहिनींनी चाळीस वर्षांत इतक्या वेळा ऐकलं होतं की भाजी निवडता निवडता त्या ते पाठ म्हणून दाखवू शकत.

हिंडफिरं नाणं यंत्रातून शेकड्यांनी पडतं आणि पोत्यात एकमेकांवर आदळतं. प्रूफचं तसं नाही. त्याची कोरी चकतीही चकचकीत करून घेतात आणि ठसाही. मग चकती हाताने ठेवायची, सावकाश दाब द्यायचा, एकदा नाही, दोनदा, कधी तीनदा. म्हणजे बगळ्याच्या पिसाची शेवटची काडीसुद्धा उठते. मग हातमोज्याने उचलून थेट डबीत. अशा नाण्याची मोकळी जागा आरशासारखी लखलखीत आणि वरचं चित्र मात्र दंव पडल्यासारखं पांढुरकं. काळ्या पाण्यावर पांढरा बगळा. आणि तो पांढुरकेपणाही ठशातून निघालेल्या पहिल्या थोड्या नाण्यांनाच दाट उतरतो. पुढे ठसा झिजतो, चित्रही चमकायला लागतं, आणि मग ते नाणं फुकट.

“फुकट म्हणजे?” वहिनींनी पूर्वी कधीतरी विचारलं होतं.

“म्हणजे सुंदर असतं. पण फुकट.”

शिवाय तशी नाणी थोडकीच निघालेली असावीत, मूळ पेटी हवी, मूळ कागद हवा, आणि सगळ्यांत वर म्हणजे नाण्याला बोट लागलेलं नसावं. बोटाचा ठसा चांदीत उतरतो आणि वर्षानुवर्षांनी तपकिरी होऊन वर येतो, जुन्या पापासारखा. आणि पुसायचं तर कधीच नाही. पुसलं की आरशावर केसाएवढ्या रेघा येतात, आणि त्या देवालाही घालवता येत नाहीत. हे शेवटचं वाक्य भाऊजी मुद्दाम वहिनींकडे बघून म्हणत.

“मग ते नाणं करतं काय?” असंही वहिनींनी विचारलं होतं.

“काही करत नाही. तेच तर त्याचं मोल.”

काहीही न करणारे दोन-तीन जण वहिनींच्या नात्यातही होते, पण त्यांना कुणी मखमलीत ठेवल्याचं त्यांना आठवेना.

वहिनी बालवर्गाच्या बाई होत्या, तीस वर्षं मुलांची नाकं पुसलेल्या. स्वयंपाकघराच्या फळीवर त्यांचा पितळेचा छोटा देव होता, सासूबाईंच्या हातचा. त्याला त्या रोज पाण्याने न्हाऊ घालत, आठवड्यातून एकदा पूड लावून घासत आणि यजमानांच्या जुन्या सदऱ्याच्या मऊ फडक्याने कोरडा करत. दोन पिढ्यांच्या पुसण्याने देवाचं नाक गेलं होतं, डोळे अंदाजानेच ओळखावे लागत. भाऊजींनी एकदा तो भिंगाखाली धरून निकाल दिला होता की संग्राहकाच्या दृष्टीने ह्याची किंमत शून्य. वहिनी म्हणाल्या होत्या, त्याला वास घ्यायचा नाही, ऐकायचं आहे. कान शाबूत आहेत.

असो. बगळ्याचं नाणं भाऊजींच्या संग्रहातला मुकुटमणी. चाळीस वर्षांपूर्वी घेतलेलं, ठशातून निघालेल्या अगदी पहिल्या काही नाण्यांपैकी. वर्षातून एकदा ते बाहेर निघायचं, बघणाऱ्याने तोंडावर रुमाल धरायचा, कारण बोलताना थुंकीचा सूक्ष्म कण उडतो. वहिनींनी एकदा रुमालाआडून म्हटलं होतं की बगळा तो बगळाच, ध्यान लावून उभा राहील आणि मासा गिळेल. भाऊजींना विनोद कळला नाही. त्यात दोष सापडला नाही म्हणून असेल.

यंदा मंडळाला पंचवीस वर्षं पूर्ण होत होती आणि प्रदर्शनात मधल्या टेबलावर, दिव्याखाली, एकटा बगळा बसणार असं ठरलं होतं. आणि नेमकं त्याच सुमाराला, आठेक महिन्यांपूर्वी, जग मळायला लागलं.

आधी वर्तमानपत्राची छपाई बिघडली. भाऊजींनी संपादकांना पत्र लिहिलं. मग खोलीतली ट्यूब मंद झाली. ती दोनदा बदलली. मग वहिनींचे धुतलेले कपडे पांढरे निघेनासे झाले, आणि साबण बदलून बघा असा सल्ला मिळाला. शेवटी नाण्यांवर साय धरली. कपाटातल्या सगळ्या नाण्यांवर, एकजात, पुसट दुधासारखी. चांदीला असे दुधी डाग पडतात खरे, पण एखाद्या नाण्याला. सगळ्यांवर एकदम दिसल्यावर शहाण्या माणसाने डोळा चोळला असता. भाऊजींनी भिंत चोळली. कपाटामागे स्वयंपाकघर, तिथली वाफ भिंतीतून झिरपते, असा निष्कर्ष काढून त्यांनी वहिनींना झाकण ठेवून शिजवायला सांगितलं आणि टांकसाळीला तीन पत्रं टाकली. टांकसाळीने उत्तर पाठवलं की चाळीस वर्षांपूर्वीच्या मालाबद्दल आपण दाखवलेल्या आस्थेबद्दल आभारी आहोत.

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, अशी म्हण आहे. पण एखादी म्हण अशी माप घेऊन एकाच माणसाच्या अंगाला शिवलेली वहिनींनी दुसरी पाहिली नव्हती. भाऊजी दारावर धडकले तेव्हा त्यांनीच त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी उजव्या डोळ्यात बघितलं आणि विचारलं, इतके दिवस काय करत होता? वहिनी म्हणाल्या, दुसऱ्यांना पत्रं लिहीत होते.

ऑपरेशन झालं. पट्टी निघाली त्या दिवशी भाऊजी घराच्या भिंती बघत कितीतरी वेळ उभे राहिले आणि म्हणाले, वहिनी, भिंत पांढरी आहे की. ती पांढरीच होती. तीन आठवडे भिंग लावायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि भाऊजींनी तो नियम दिवस मोजून पाळला. वहिनींना त्याचंच नवल वाटलं. नाण्यांची कपाटातली रांग त्यांनी दुरून, नुसत्या डोळ्याने पाहिली. साय गेली होती. बगळ्याची पेटी मात्र उघडली नाही. उलट तीन आठवडे ते गप्प होते, आणि भाऊजी गप्प म्हणजे घरात चोर शिरल्यासारखं वाटायचं.

गोदामांचा रस्ता संपला. बसथांब्याचं बाकडं आलं आणि भाऊजी आपणहून बसले. वहिनी त्यांच्या शेजारी बसून पाय दाबत राहिल्या. समोर पेट्रोलपंपावर एकजण गाडीची काच पुसत होता. भाऊजी ते काळ्या चष्म्यातून बघत होते.

“वहिनी, तुमचं ते देवाचं फडकं, ते तुम्ही धुता कशात?”

“का हो?”

“सहज विचारलं.”

“सहज तुम्ही शिंकतसुद्धा नाही, भाऊजी.”

मग ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही हे भाऊजींनाही कळलं असावं. त्यांनी सांगितलं ते तुकड्यातुकड्यांनी, पंपावरच्या माणसाकडे बघत. अडीच महिन्यांपूर्वी वहिनी चार दिवस बहिणीकडे गेल्या होत्या. प्रदर्शन ठरलं होतं, पत्रिका छापायला गेल्या होत्या, आणि बगळ्यावर साय. एका दुपारी त्यांनी डबी उघडली, हातमोजे घातले आणि घरातलं सगळ्यांत मऊ कापड शोधलं. ते फळीवर देवाजवळ सापडलं. एकच हात फिरवला, हलका. साय हलली नाही. मग दुसरा फिरवला. तरीही हलली नाही. तेव्हा घाबरून नाणं डबीत घातलं आणि फडकं घडी करून जागेवर ठेवलं.

वहिनींच्या मनात निराळंच मोडत होतं. बहिणीकडून परत आल्यावर ते फडकं घडी घातलेलं त्यांना दिसलं होतं. त्या ते खुंटीला अडकवायच्या, घडी कधी घालत नसत. म्हणजे आपण नसताना भाऊजींनी देव पुसला. कधी हात न जोडणाऱ्या माणसाने, न सांगता, आपली पाळी सांभाळली. त्या हे कुणाला बोलल्या नाहीत, बहिणीला फोनवर तेवढं सांगितलं, आणि अडीच महिने रोज दिवा लावताना देवाचे त्याबद्दल आभार मानले. आता ते आभार परत मागायचे कसे? देवाकडे तशी खिडकी नसते.

“पूड लावलेल्या देवाला ते फडकं लागतं ना?” भाऊजी म्हणाले. “म्हणजे त्यात कच होती.”

“पूड होती. कच म्हणू नका.”

“फडकं तुमचं होतं.”

“आणि हात?”

भाऊजींनी डबा मांडीवरून पुन्हा छातीशी घेतला. साय नाण्यावर नव्हतीच, डोळ्यात होती. म्हणजे चाळीस वर्षं बोट न लागलेलं निर्दोष नाणं त्यांनी स्वतः उघडून पुसलं होतं. रेघा उठल्या असतील किंवा दैवाने टळल्याही असतील. बघितल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि बघायचा धीर तीन आठवडे झाला नव्हता. रेघा असल्या, तर तासाभरात चाळीस माणसांसमोर नाणं बाद होणार होतं आणि नाण्याबरोबर, एकतीस अधिक अकरा वर्षं इतरांना बाद ठरवणारा माणूसही.

कारण मंडळात गेली अकरा वर्षं तपासणी भाऊजींकडेच होती. मागच्या वर्षी एका शिंप्याने वडिलांचं नाणं आणलं होतं. प्रदर्शनात मांडायचं म्हणून बिचाऱ्याने ते खडूच्या भुकटीने चकचकीत करून आणलं. भाऊजींनी भिंग लावलं, सगळ्यांसमोर शिक्का मारला आणि म्हणाले, माकडाच्या हाती कोलीत. शिंपी त्यानंतर वर्षभर त्यांच्याशी एक शब्द बोलला नव्हता. त्यांच्या विजारी शिवत होता, पण मुक्याने.

वहिनींनी सुचवलं की परत जाऊ, ताप आलाय म्हणून कळवू. भाऊजी म्हणाले, तापाने नाण्याला काही होत नाही हे मंडळाला माहीत आहे. मग इथेच उघडून बघा, वहिनी म्हणाल्या.

“इथे उजेड बरोबर नाही.”

वर ऊन असं होतं की मुंगीचे पाय मोजता आले असते. वहिनींनी ऊन बघितलं, भाऊजींकडे बघितलं आणि मनात देवाचं नाव घेतलं. आभार परत मागायचं त्यांनी तूर्त लांबणीवर टाकलं. म्हणाल्या, उठा मग, तिथला उजेड चांगला असेल.

माडीवरच्या खोलीत टेबलांवर हिरवं कापड होतं. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे खालचे औषधवाले. दुकानात जशी गोड औषधं देत तसंच बोलत. त्यांनी भाऊजींचा काळा चष्मा बघून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. मग म्हणाले, मालकाने स्वतःचं नाणं तपासायचं नाही हा नियम भाऊंचाच. तेव्हा मधल्या टेबलाची तपासणी यंदा आपले शिंपी करतील. वर्षभरात त्यांनी चांगलं भिंग घेतलंय, रोज सराव करतात.

शिंपी पुढे आला. गळ्यात टेप तशीच होती, दुकानातून उठून आल्यासारखी. त्याने पेटी उघडली, डबी कडेने धरली, दिवा एका बाजूला घेतला आणि नाणं उजेडात सावकाश फिरवू लागला. फिरवायची रीत भाऊजींचीच. समोरून उजेड टाकला की रेघ लपते, बाजूने टाकला की उभी राहते, हे त्यांनीच अकरा वर्षं सगळ्यांच्या डोक्यात भरलं होतं. वहिनींनी भाऊजींकडे पाहिलं. एवढं उत्तम शिकवल्याचा पश्चात्ताप झालेला शिक्षक त्यांनी शाळेतही पाहिला नव्हता.

शिंपी फिरवता फिरवता एका जागी थांबला. परत मागे आला. परत थांबला. मग भिंग खाली ठेवून म्हणाला, डबीवर जरा धूळ आहे, बाकी ठीक. आणि चिठ्ठीवर ‘पात्र’ असं लिहिलं.

टाळ्या झाल्या. वहिनींनी श्वास सोडला. देव असतो, त्यांना वाटलं, आणि कधीकधी गळ्यात टेप घालून येतो. इतक्यात भाऊजींनी काळा चष्मा काढला, खिशातलं भिंग काढून नव्या डोळ्याला लावलं आणि दिवा आपल्याकडे ओढला. वहिनींनी त्यांची बाही ओढली. बाही सुटली.

त्यांनी फार वेळ बघितलं नाही. इतकी वर्षं दोष शोधणाऱ्याला वेळ कसला लागतो. मग मान वर करून ते शिंप्यावर उखडले.

“एवढ्या रेघा दिसत नाहीत तुम्हाला? हेच शिकवलं का मी?”

“दिसल्या ना,” शिंपी म्हणाला. “मोजल्यासुद्धा. चौदा आहेत.”

“मग पात्र कसं लिहिलंत?”

“म्हटलं डोळ्याचं ऑपरेशन झालंय. एकदम धक्का नको.”

भाऊजींशी वर्षभराने बोललेली ती पहिली वाक्यं. खोलीत कुणी हसलं नाही, म्हणजे हसू बाहेर येऊ दिलं नाही. भाऊजींनी चिठ्ठी उचलली, ‘पात्र’वर आडवी रेघ मारली, खिशातून तो जुना शिक्का काढला, शाईच्या गादीवर दाबला आणि मारला. बाद. शिक्का जरा तिरका पडला. आजवर कधी तिरका पडला नव्हता. मग शिंप्याला म्हणाले, मागच्या वर्षी मी जे बोललो ते नाण्याबद्दल बरोबर होतं. एवढं बोलून ते थांबले. शिंप्याने मान डोलावली आणि म्हणाला, विजार कमरेत सैल झालीय तुमची, येऊन जा. दोघांनी जे काय मिटवायचं ते एवढ्यातच मिटवलं.

अध्यक्षांची पंचाईत झाली. पत्रिका वाटून झाल्या होत्या, मधलं टेबल रिकामं कसं ठेवायचं? ते म्हणाले, दुसरं एखादं बसवू. भाऊजी म्हणाले, बगळा तिथेच राहील.

“बाद नाणं, मध्यावर?”

“पुसलेलं कसं दिसतं ते लोकांना कधी दाखवणार? दिवा बाजूने ठेवा.”

आता ह्याला नम्रपणा म्हणायचं की शिकवायची खोड जात नाही म्हणायचं, ते वहिनींना ठरवता येईना. बहुधा दोन्ही एकाच चांदीत ओतलेलं होतं. दिवा बाजूला सरकला. बगळा होता तसा एका पायावर उभा राहिला, पण त्याच्या पाण्यात आता तरंग उठलेले दिसत होते, बारीक, गोलसर, हाताच्या वळणाचे. वहिनींना ते वळण ओळखीचं वाटलं. देव पुसताना त्यांचाही हात तसाच फिरायचा. मनात त्यांना वाटून गेलं की पाणी असंच असायला हवं होतं. आरशासारखं थांबलेलं पाणी त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. बोलल्या नाहीत. चाळीस वर्षांच्या सहवासात कधी बोलू नये एवढं त्यांनी शिकून घेतलं होतं.

प्रत्येक नाण्यापुढे एक कार्ड लागायचं. नाव, साल, दोष, दोषाचं कारण. बगळ्याचं जुनं कार्ड भाऊजींनी घरून सुबक अक्षरात लिहून आणलं होतं. दोषाच्या रकान्यात ‘नाही’ असं. ते त्यांनी फाडून तुकडे खिशात घातले. नवं कोरं कार्ड घेतलं, पेन उघडलं, नाव लिहिलं, साल लिहिलं, दोषासमोर ‘केसरेघा, चौदा’ लिहिलं. कारणाच्या रकान्यापाशी पेन अडलं. टोक कागदाला टेकलेलं, हात हलेना. शाईचा एक ठिपका तेवढा वाढत गेला. बसथांब्यावर फडक्याचा उल्लेख किती सहज झाला होता ते वहिनींना आठवलं, आणि आता रकान्यात काय उतरतं ह्याची त्या वाट बघत राहिल्या. चोराच्या मनात चांदणं असतं तसं साधूच्या मनातही कधी कधी असतं.

भाऊजींनी पेनचं टोपण लावलं. मग कार्ड आणि पेन दोन्ही वहिनींपुढे सरकवलं. त्यांच्याकडे न बघता, बगळ्याकडे बघत म्हणाले,

“वहिनी, कारण तुम्ही लिहा. तुमचं अक्षर शाळेतलं आहे, लांबून वाचता येतं. ‘मालकाने पुसलं’ एवढंच लिहा. फडक्याचं नाव घालू नका. त्याची काही चूक नव्हती.”